फुप्फुसांची शक्ती कशी मोजतात?

मळणीच्या वेळी उडणारी धूळ, चुलीचा कोंडलेला धूर, विडी आणि बुरशी आलेली वैरण ही सर्व फुप्फुसांची शत्रू होत. त्यांच्यामुळे जडणारे विकार बहुधा हळूहळू वाढतात. चढ चढताना धाप लागू लागली तरी ‘आता वय झाले’ असे म्हणून शेतकरी तिकडे दुर्लक्ष करतो. विडीने व धुराने फुप्फुसांची गेलेली शक्ती पूर्णपणे परत येत नाही. मात्र वेळीच निदान झाल्यास उरलेली राखता येते. याकरिता जी तपासणी करतात तिला स्पायरोमेट्री म्हणतात.

तपासणीचे तत्त्व

इंग्लंडमधील डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली श्वास मोजण्याच्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. आजची यंत्रे लहान असली तरी मूळ कल्पना तीच आहे. छाती भरून घेतलेला श्वास जोराने सोडल्यास एकंदर किती हवा बाहेर पडते व त्यांपैकी पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र दाखविते. निरोगी प्रौढ माणूस पहिल्या सेकंदात सुमारे तीन-चतुर्थांश हवा बाहेर टाकतो.

घागर मोठी पण तोंड अरुंद असेल तर पाणी सावकाश पडते. दम्यात व धुराच्या विकारात श्वासनलिकांची हीच स्थिती होते. उलट, बुरशीच्या वैरणीमुळे फुप्फुसे ताठर झाली तर घागरच लहान झाल्यासारखी होऊन एकंदर हवाच कमी भरते.

प्रत्यक्ष तपासणी

तपासणीपूर्वी भरपेट जेवू नये, विडी ओढू नये व सैल कपडे घालावे. चालू औषधे डॉक्टरांना सांगावी. ती बंद ठेवावयाची की नाही हे त्यांनीच ठरवावयाचे असते. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, छातीची, पोटाची अथवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर ते आधी सांगणे अवश्य आहे.

रुग्णास खुर्चीवर बसवून नाकाला चिमटा लावतात. नळीभोवती ओठ घट्ट मिटून, पूर्ण श्वास घेऊन, तो एकदम जोराने व छाती रिकामी होईपर्यंत सोडावयाचा असतो. असे निदान तीन वेळा करावे लागते. पुढे श्वासनलिका रुंदावणारे औषध हुंगवून सुमारे १५ मिनिटांनी पुन्हा मोजमाप घेतात. औषधाने बराच फरक पडल्यास दम्याचा संभव अधिक असतो. या तपासणीत सुई टोचत नाहीत व वेदना होत नाहीत. क्वचित खोकला येतो किंवा क्षणभर चक्कर येते. रुग्णाने पुरता जोर न लावल्यास मात्र निष्कर्ष चुकतो.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

या तपासणीने क्षयरोग ओळखता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्रथम थुंकी तपासून घ्यावी. धाप लागणाऱ्या व छातीत घरघर होणाऱ्या माणसांना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व ही तपासणी कोठे होते याची चौकशी करावी. घरोघर चुलीवर राबणाऱ्या स्त्रियांस या कामी विसरू नये.

वैरण पूर्ण वाळवूनच रचावी, मळणीच्या वेळी वारा पाठीशी राहील असे उभे राहावे, स्वयंपाकघरात धुरास वाट ठेवावी आणि विडी सोडावी. तपासणीने विकार कळतो. तो टाळणे पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे.