उसातली पिवळ्या फुलांची ‘मेथी’

हिवाळ्यात ऊस नोंदीसाठी फिरत असताना बार्शीटाकळीच्या शिवारात एका सभासद बंधूंनी आम्हाला सरीतच थांबवले. हातात उपटलेले रोप. म्हणाले, “भाऊ, हे मेथी व्हय का घास व्हय? पान तर मेथीचंच दिसते, पण घरची म्हातारी म्हणते, भाजीले घेऊ नका.”

म्हातारीचे बरोबर होते. ते रोप मेथीचेही नव्हते आणि लसूण घासाचेही नव्हते. ती रानमेथी, म्हणजे उत्तरेत जिला सेंजी म्हणतात ती. शास्त्रीय नाव मेलिलोटस इंडिकस. थंडी पडली आणि पाण्याची पाळी बसली की गहू, हरभरा आणि सुरू उसाच्या सरीत ती उगवते, आणि उन्हाळा लागता लागता बी झाडून वाळून जाते. नुसत्या ‘रानमेथी’ या नावावर मात्र कोणी जाऊ नये. जमिनीला चिकटून पसरणाऱ्या, बारीक जांभळट फुलांच्या एका वेलीलाही आपल्याकडे रानमेथीच म्हणतात. तिचे घराणे निराळे.

ओळखायचे कसे? आधी पान पाहावे. तीन पानांपैकी मधल्या पानाला स्वतःचा वेगळा, लांबट देठ असतो. मेथी, लसूण घास आणि सेंजी या तिघींतही तो असतो. बरसीममध्ये तिन्ही पाने जवळजवळ एकाच जागेवरून निघतात. आंबुशीची पाने बदामाच्या आकाराची आणि चवीला आंबट; ती तर शेंगवर्गातलीच नाही.

पानावरून एवढेच कळते. खरा निवाडा फुलाचा आणि शेंगेचा. सेंजीची फुले पिवळी, दोन-तीन मिलिमीटरची, बारीक लांबट तुऱ्यात लागतात. शेंग ज्वारीच्या दाण्याहून लहान, खाली लोंबणारी, अंगावर सुरकुत्यांची जाळी आणि आत बहुधा एकच बी. मेथीची शेंग बोटाएवढी लांब आणि टोकाला चोच असलेली, त्यामुळे शेंग धरल्यावर घोटाळा राहत नाही. लसूण घासाचे फूल जांभळे, शेंग वळलेली, आणि तो बहुवार्षिक. पिवळ्याच फुलांचा आणखी एक भाऊबंद आहे, मेडिकॅगो. त्याची शेंग शंखासारखी वळलेली आणि काटेरी. मेंढीच्या लोकरीत ती अडकून बसते.

सेंजीतही दोन प्रकार लक्षात ठेवावेत. पिवळी सांगितली, ती गुडघ्याच्या आसपास राहते. दुसरी पांढरी, मेलिलोटस आल्बस. ती कमरेच्या वर जाते, फूल आणि शेंग दोन्ही जरा मोठी. थंड मुलखात ती दोन वर्षे जगते.

खरे क्लोव्हर म्हणाल तर आपल्या ओळखीचे बरसीमच. ते इजिप्तचे, १९०४ साली सिंधमध्ये आले. त्याचे तीन जुने प्रकार: एक कापणी देणारे फाहली, दोन देणारे सैदी आणि अनेक कापण्या देणारे मेस्कावी. आपल्याकडे चालते ते मेस्कावीच्या जातीचे. बियाण्यात कासनीची भेसळ असते, म्हणून दहा टक्के मिठाच्या पाण्यात बी टाकून वर तरंगलेले काढून टाकावे आणि खाली बसलेले स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे.

आता म्हातारीच्या मुद्द्यावर येऊ. सेंजीला वाळताना गोड वास येतो. तो कुमारीन या द्रव्याचा. तिचे बी गव्हात गेले तर पिठालाही वास लागतो. पण खरा धोका बुरशीचा. कापलेली सेंजी ओली रचली आणि तिला बुरशी लागली, की त्या कुमारीनचे डायकुमारॉल होते आणि जनावराचे रक्त साकळेनासे होते. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे १९० मैल गाडी हाकत विद्यापीठात पोचला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न साकळलेले रक्त आणि खराब झालेली वैरण. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये त्यातले द्रव्य वेगळे केले. त्यावरूनच पुढे उंदराचे औषध वॉरफरीन निघाले, आणि तेच माणसाच्या रक्ताच्या गाठींवर उपचार म्हणूनही वापरात आले!

तेव्हा हिरवी सेंजी वाढ्यात मिसळून थोडी टाकली तर अडचण नाही. एकदम भरपूर टाकली तर पोट फुगते. बुरशी आलेली गंजी मात्र गायी-बैलांपुढे टाकू नका, गाभण गायीपुढे तर नाहीच. कातडीखाली सूज, शिंग कापल्यावर किंवा वासरू झाल्यावर न थांबणारे रक्त, असे दिसले की ती वैरण बंद करून तडक पशुवैद्य गाठावा. यावर जीवनसत्त्व ‘के’ दिले जाते.

उसापुरते बोलायचे तर पहिले तीन-चार महिने तण राहू देणे परवडत नाही. सेंजीच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात, म्हणून फुलावर येण्याआधी खुरपून सरीतच गाडली तर काही परतफेड होते. बी धरू दिले की संपले. टणक सालीचे ते बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि दर हिवाळ्याला थोडे थोडे उगवते.

कोणाला आपल्या शेतातले रोप दाखवायचे असेल तर नुसते पान आणू नये. फूल आणि शेंग असलेली अख्खी फांदी जुन्या वहीत दाबून, शेताचा गट नंबर लिहून आणावी. ते सभासद बंधू फांदी घेऊन पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या वहीत पिवळी आणि पांढरी दोन्ही निघाल्या.