यंत्राच्या गणितासही ताळा हवा

संगणकाचा प्रक्रियक बेरीज, वजाबाकी आणि अंक एका घराने सरकविणे ही साधी कामे अत्यंत वेगाने करतो. मग ३० अंशांच्या कोनाची ज्या तो कशी काढतो?

एक एकक लांबीची आडवी रेषा ३० अंशांतून वर फिरविली, की तिच्या टोकाची उंची म्हणजेच ती ज्या होय. बी-५८ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाच्या दिशादर्शनासाठी असे गणित जलद व्हावे म्हणून जॅक व्होल्डर यांनी ‘कॉर्डिक’ पद्धत शोधली. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांची स्पर्शज्या १, १/२, १/४, १/८ अशी निम्म्याने घटत जाते, त्या कोनांचे लहानसे कोष्टक यंत्रात साठविलेले असते. हे कोन अनुक्रमे सुमारे ४५, २६.५७, १४.०४ व ७.१३ अंशांचे आहेत. रेषा प्रथम ४५ अंश पुढे जाते, नंतर २६.५७ अंश मागे येते, पुन्हा १४.०४ अंश पुढे सरकते आणि अशा उत्तरोत्तर लहान पावलांनी ३० अंशांशी येऊन ठेपते. या फिरण्यात तिची लांबी ठरावीक प्रमाणात वाढते. ती वाढ आधीच हिशेबात धरलेली असते.

दशमान पद्धतीत दहाने भागताना अंक एक घर सरकतात, तसेच द्विमान पद्धतीत दोनाने भागताना सरकतात. म्हणून प्रत्येक पावलास गुणाकार करावा लागत नाही. १९७२ चे एचपी-३५ हे खिशात मावणारे गणनयंत्र आणि १९८० चा इंटेल ८०८७ हा गणिती प्रक्रियक यांत या धर्तीच्या पद्धती योजिल्या होत्या.

तथापि, कोष्टकावर विसंबणारे यंत्र कोष्टकाइतकेच विश्वासार्ह असते. इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकात भागाकारासाठी १,०६६ नोंदींचे कोष्टक हवे होते. त्यांतील ५ नोंदी राहून गेल्या. १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांच्या ध्यानी हा दोष आला. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागून, आलेल्या उत्तरास त्याच संख्येने गुणले असता मूळ संख्या परत मिळावयास हवी. सदोष प्रक्रियकात २५६ चा फरक पडे. प्रक्रियक बदलून देण्यासाठी व तत्संबंधी खर्चासाठी कंपनीस ४७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद करावी लागली.

भागाकाराचा ताळा गुणाकाराने पाहावा, हे प्राथमिक शाळेतच शिकविले जाते. उत्तर यंत्राने दिले म्हणून तो नियम सुटत नाही.