मुलीची सायकल : पैसा आधी चाकांत घाला

उर्दू माध्यमातल्या मुलींच्या शिक्षणात सायकलीला किती महत्त्व आहे, हे शाळेबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. गावात जिल्हा परिषदेची उर्दू शाळा बहुधा सातवीपर्यंत. आठवीला बाजाराच्या किंवा तालुक्याच्या गावी जावे लागते. चार किलोमीटर, कुठे सहा. एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, वडापच्या गर्दीत मुलीला एकटी बसवायला घरची मंडळी राजी नसतात. मग उरते ती सायकल. जुलै-ऑगस्टमध्ये हजेरी घेताना आम्ही विचारतो, "काल का आली नाहीस?" आणि उत्तर येते, "सर, सायकल पंक्चर होती."

एक दिवस पंक्चर झाली तर काही बिघडत नाही. पण महिन्यात चार वेळा झाली, एकदा पावसात ब्रेक लागला नाही, एकदा ओढणी चेनीत अडकून मुलगी पडली, की घरात कुणीतरी म्हणतेच, "बस झाले आता." पुढचे आम्ही सांगायला नको. म्हणून टायर, ट्यूब आणि ब्रेकचे गुटके यांची चर्चा घरातल्या मोठ्यांनी करावी, ती मुलांवर सोडू नये.

मुलांवर सोडली तर काय होते तेही पाहतो. ईदीचे पैसे हातात आले की दुकानात डोळे जातात ते दोन डिस्क, दोन शॉकर आणि मोटारसायकलीसारखे जाड टायर असलेल्या सायकलीकडे. स्वस्तातला शॉकर म्हणजे सायकलीवर दोन-अडीच किलो जास्तीचे लोखंड. पायडल मारताना तो खालीवर होतो आणि पायातला जोर खातो. चार इंची टायर वाळूत आणि बर्फात चालावेत म्हणून निघाले. सहा किलोमीटर डांबरावर रोज ते ओढायचे म्हणजे शिक्षाच. हौसेला मोल नाही, हे खरे. पण ती हौस नववीतल्या मुलीने रोज दोन वेळा पायाने ओढायची असते.

आता बाजारात 'ग्रॅव्हल बाईक' नावाचा प्रकार आला आहे. डांबर, खडी, मुरूम, सगळीकडे चालणारी सायकल, टायर साधारण 38 ते 45 मि.मी. रुंद. किंमत ऐकून आम्ही दुकानाबाहेर आलो. गंमत अशी की आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचा 28 × 1½ चा टायर भरतो जवळपास 38 ते 40 मि.मी. दूधवाला, पोस्टमन आणि मास्तर यांनी त्यावरून आयुष्यभर खडी-मुरूमच तुडवला. म्हणजे खेड्यातल्या रस्त्याला किती रुंद टायर हवा याचे उत्तर आपल्या अंगणात आधीपासून उभे आहे. 35 ते 45 मि.मी.च्या आसपास. याहून अरुंद घेतला तर खड्ड्यात रिम आपटते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. याहून फार रुंद घेतला तर मडगार्डखाली जागा उरत नाही. काळ्या मातीचा प्रदेश असेल तर हे फार महत्त्वाचे. ओली काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, आणि मुलगी सायकल खांद्यावर घेऊन शाळेत येते. टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान एका बोटाची फट राहिली पाहिजे.

टायर घ्यायला जाताना "26 चा द्या" एवढे सांगून भागत नाही. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. 26 इंची म्हणून विकले जाणारे टायर एकाच मापाचे नसतात. लेडीज सायकलीचा 26 × 1⅜ हा 590 मि.मी.च्या रिमवर बसतो, आणि रेंजर पद्धतीच्या सायकलीचा 26 × 1.95 हा 559 मि.मी.च्या. फरक तीन सेंटिमीटरचा. तसेच काळ्या सायकलीचा 28 × 1½ लागतो 635 च्या रिमला, आणि 700 सी म्हणून मिळणारा, ज्याला काही दुकानदार 28 इंचीच म्हणतात, तो लागतो 622 ला. 27.5 चा मापांक 584. यातला एकही दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. गणिताच्या भाषेत सांगायचे तर 1⅜ आणि 1.375 यांची किंमत सारखी असते, पण टायरवर अपूर्णांक लिहिला आहे की दशांश, यावरून जात बदलते. टायरच्या कडेला 37-590 किंवा 40-635 असे दोन आकडे छापलेले असतील तर तेच वहीत लिहून न्यावेत. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणारा व्यास. छापलेले नसतील तर सरळ जुना टायर हातात घेऊन दुकानात जावे. त्यात लाज कसली?

नक्षीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. खोल नक्षी म्हणजे चांगली पकड, असे समजून पालक रेंजर सायकलीला मोठ्या गाठींचा टायर मागतात. मोटारीच्या टायरला खोबणी लागते, कारण मोटार वेगात असते आणि तिचा टायर रुंद असतो. पाणी बाहेर काढायला वाट हवी. सायकलीचा टायर अरुंद, हवा जास्त, वेग कमी. पाणी आपोआप बाजूला जाते. ओल्या डांबरावर गुळगुळीत टायर गाठीच्या टायरपेक्षा कमी धरत नाही, कारण त्याचे जास्त रबर रस्त्याला टेकते. गाठी उपयोगाच्या चिखलात आणि सुट्या मातीत. रोजचा रस्ता तीन भाग डांबर आणि एक भाग कच्चा असेल तर मध्ये सलग पट्टी आणि कडेला बारीक नक्षी असलेला टायर घ्यावा. रेंजरला 26 × 1.95 च्या जागी याच पद्धतीचा 26 × 1.5 मिळाला तर सायकल इतकी हलकी पळते की मुले विचारतात, तेल टाकले का?

हवेचे माप मात्र कुणी बघत नाही. अंगठ्याने दाबून 'कडक आहे' म्हणायचे, झाले. टायरच्या कडेला जास्तीत जास्त किती पीएसआय हे छापलेले असते. ती मर्यादा असते, दर वेळी तिथवर भरायलाच हवे असे नाही. 40 मि.मी.च्या टायरवर पंचेचाळीस किलोची मुलगी दप्तरासह बसत असेल तर पुढे 35 आणि मागे 45 च्या आसपास पुरते. पंचाहत्तर किलोच्या माणसाला पुढे 45, मागे 55. मागच्या चाकावर वजन जास्त म्हणून तिथे हवा जास्त. दगडासारखा कडक टायर खडीवर उसळतो, मऊ टायर रस्त्याला चिकटून ओढतो आणि कडेला भेगा पडतात. पण आपल्या जुन्या ट्यूबच्या वॉल्व्हमध्ये ती रबराची वालट्यूब असते आणि तिच्यावर मीटर नीट लावता येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ट्यूब बदलताना मोटारसायकलीसारखा वॉल्व्ह असलेली मागावी. रिमच्या त्याच भोकात ती बहुधा बसते, पेट्रोल पंपावर हवा मोजून भरता येते, आणि शाळेच्या दारातून वालट्यूब चोरीला जाण्याचा प्रश्न मिटतो. पंपावर मात्र उभे राहून लक्ष ठेवावे. तिथली हवा ट्रकसाठी असते, सायकलीची ट्यूब क्षणात फुगते.

बाभळीचा काटा आणि सराटा हे आपल्या रस्त्यावरचे खरे दुश्मन. टायरचा मधला भाग झिजून कापड दिसू लागले असेल तर कितीही चांगली ट्यूब घाला, पंक्चर होणारच. झिजलेला टायर आणखी एक पावसाळा चालवणे ही काटकसर नव्हे. दोन टायर आणि दोन ट्यूब साध्या प्रतीच्या घेतल्या तर साधारण हजार-दीड हजारात बसतात. पैसे एकाचेच असतील तर नवा टायर मागे घालावा, झीज तिथेच जास्त होते. पुढचा मात्र फाटका असता कामा नये, कारण पुढचा टायर फुटला तर सायकल सावरता येत नाही. जुनी ट्यूब मधून कापून टायरच्या आत अस्तरासारखी घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. थोडी जड होते, पण सराट्याला चांगली अडवते. ट्यूबलेसच्या नादी लागू नये. त्याला वेगळी रिम लागते, आत औषध घालावे लागते, आणि गावातल्या मिस्त्रीकडे ते नसते.

चाकांनंतर ब्रेक. स्टीलची चकचकीत रिम ओली झाली की रबरी गुटका तिच्यावर घसरतो, कोरड्यात लागणारा ब्रेक पावसात अर्धाही लागत नाही. अॅल्युमिनियमच्या रिमवर हा फरक पुष्कळ कमी होतो. वायरच्या ब्रेकची लेडीज सायकल असेल तर निदान पुढची रिम बदलून घ्यावी, कारण थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नव्या रिमला तारांची भोके जुन्याएवढीच हवीत, ती मोजून जावे. रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलीला हा बदल सहसा जमत नाही, तिचा गुटका रिमच्या आतल्या बाजूला लागतो. तिथे दर पावसाळ्याआधी नवे गुटके, आणि मुलीला एवढेच शिकवावे की पावसात उतार लागायच्या आधीच ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्यायची.

चढ असेल तर गिअरच्या सायकलीचा विचार येतो. त्याआधी स्वस्तातला एक उपाय करून पाहावा. पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 असतील तर एका पायडलमध्ये 28 इंची सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर साडेचार. वेग थोडा कमी, पण चढावर उतरावे लागत नाही. चेन एखाद्या कडीने वाढवावी लागते. चेन जुनी आहे का हे शाळेच्या पट्टीने मोजता येते. नव्या चेनीच्या चोवीस खिळ्यांचे अंतर बरोबर 12 इंच. ते 12⅛ भरले की चेन आणि तिच्याबरोबर दातेही गेले असे समजावे.

आता मुलींसाठी दोन गोष्टी, ज्या कंपनीच्या जाहिरातीत नसतात. एक, पूर्ण बंद चेन कव्हर. दोन, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ड्रेस गार्ड, म्हणजे जाळी. अबाया, सलवार, ओढणी, काहीही असो, ते तारांत गेले की चाक जागीच थांबते. आम्ही पाहिलेले सायकलीचे बहुतेक अपघात वाहनाच्या धडकेचे नव्हते, कपड्याचे होते. हौशी दुकानदार दोन्ही काढून 'स्पोर्टी' करून देतात, त्यांना स्पष्ट नकार द्यावा. हिवाळ्यात शाळा सुटायच्या वेळी लवकर अंधारते, तेव्हा मागे लाल दिवा हवाच. डायनॅमो पावसात टायरवर घसरतो आणि सायकल थांबली की विझतो. सेलवर चालणारा छोटा दिवा त्यापेक्षा बरा.

मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. शाळेत चौकशी करावी. पण अनुदानाच्या सायकलीलाही पहिल्या दिवशी चाके काढून पाहावीत. तारा ढिल्या असतात, रिमवरची रबरी पट्टी सरकलेली असते आणि तारांची टोके ट्यूबला आतून टोचतात. मिस्त्रीकडून आउट काढून घ्यायला जास्त खर्च येत नाही.

आणि पंक्चर काढणे मुलीला घरीच शिकवावे, भावाला नव्हे, तिला. टायर काढायच्या दोन पट्ट्या, कानसाचा तुकडा, सोल्यूशन, चार पॅच, एक छोटा पंप, एवढे सामान सीटखालच्या पिशवीत मावते. भोक सापडले की आधी टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधायचा, बोटाला फडके गुंडाळून. तो राहिला तर दहा मिनिटांत दुसरे भोक पडते. मग ट्यूब घासायची, सोल्यूशन पातळ लावायचे आणि पाच मिनिटे हात न लावता थांबायचे. बहुतेक जण इथेच घाई करतात. सोल्यूशन ओले असताना पॅच चिकटवला तर तो शाळेपर्यंत टिकतो, परतीच्या वाटेवर सुटतो.