खूण एक, अर्थ दोन : समान माहिती-आराखड्याची गरज

जमीन व घर यांच्या नोंदी हा ग्रामस्थांच्या हक्कांचा आधार होय. पेडणे व डिचोली तालुक्यांत जमिनीचा कब्जेदार आणि कूळ यांची नावे नमुना १ व १४ मध्ये, घरपट्टीची नोंद पंचायतीत, तर १९७५ च्या कायद्यान्वये मुंडकारांची नोंद मामलेदारांकडे असते.

संगणकांना माहितीची देवघेव करता यावी म्हणून एक्सएमएल ही पद्धती १९९८ साली प्रमाणित झाली. तीत प्रत्येक माहितीस नावाची खूण जोडतात. परंतु खूण समान असली तरी अर्थ समान असेलच असे नाही. समजा, दोन दप्तरांत ‘धारक’ ही एकच खूण ठेवली. जमिनीच्या दप्तरात ती भाटकाराची, तर घरपट्टीच्या दप्तरात मुंडकाराची निघेल. संगणक अर्थ जाणत नाही. नोंदी एकत्र करताना मुंडकाराचे नाव गळण्याचा व त्याचा हक्क झाकला जाण्याचा संभव राहतो. पेडणे व पेर्नेम ही एकाच स्थळाची नावे आहेत, हेही त्यास सांगावे लागते.

ही अडचण खुद्द एक्सएमएलच्या मानकांनाही चुकली नाही. एकच दस्तऐवज ती वेगवेगळ्या रीतीने पाहत. अखेर २००७ मध्ये एक्सपाथ, एक्सक्वेरी व एक्सएसएलटी यांसाठी समान आराखडा ठरला. जमिनीच्या नोंदींबाबत २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने व्यक्ती, हक्क आणि भूखंड हे स्वतंत्र घटक मानले. त्यायोगे एकाच भूखंडावर भाटकार व मुंडकार या दोघांचेही हक्क निरनिराळे नोंदविता येतात.

आराखडा तज्ज्ञ ठरवितात. शब्दांचे खरे अर्थ मात्र गावास ठाऊक असतात. म्हणून ग्रामस्थांनी आपले उतारे ताडून पाहावेत व तफावत आढळल्यास ती मामलेदारांच्या निदर्शनास आणावी.