संयमाचा बंदोबस्त

हिंगोली जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी पैसा येतो तो सुगीने येतो: एकदा आश्विन-कार्तिकात सोयाबीनचा आणि पुन्हा उन्हाळ्यात, काढून, शिजवून, वाळवून व पॉलिश करून बाजारात नेलेल्या हळदीचा. सोयाबीनची पट्टी हाती पडते न पडते तोच दिवाळी दाराशी येऊन ठाकते. मासिक वेतन घेणाऱ्या गृहस्थास मोहाशी दरमहा किरकोळ चकमकी कराव्या लागतात. शेतकऱ्यावर मात्र तो वर्षातून दोनदा संपूर्ण फौजफाट्यानिशी चालून येतो. अशा माणसास काटकसरीचा उपदेश करणे सोपे आहे, आणि तो करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. परंतु निश्चय ही काही तिजोरीतली शिल्लक नव्हे, की हुकूम सुटताच मोजून मिळावी.

नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला फिलिपिन्समधील एक प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. ठेवीदाराने स्वतःच ठरविलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, असे खाते तेथील एका बँकेने काही ग्राहकांस देऊ केले. जादा व्याजाचे आमिष नसतानाही २८ टक्के लोकांनी ते बंधन आपण होऊन पत्करले, आणि वर्षभरानंतर, ज्यांना खाते देऊ केले होते त्या सर्वांची सरासरी शिल्लक, न दिलेल्यांच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी अधिक वाढलेली आढळली.

हिंगोलीतल्याच वसमतकडच्या शेतकऱ्यास हे तत्त्व नवे वाटू नये. वाळलेली हळद टिकते. ती पोत्यात आहे तोवर तिच्या बदल्यात दुकानदार मोबाइल देत नाही. पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेचा मूळ हेतू पडत्या भावात माल विकावा लागू नये हा असला, तरी सगळी रक्कम एकदम हाती न येण्याचा अनायास लाभ तिच्यातही आहे.

परंतु खरा बंदोबस्त पाहावयाचा तो महिलांच्या बचत गटात. नाबार्डने १९९२ साली गटांची बँकांशी सांगड घातली. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने हे गट राज्यात रुजविण्यास मोठा हातभार लावला. ठरल्या दिवशी बैठक, ठरलेली वर्गणी, सर्वांसमक्ष जमाखर्च, आणि कर्ज मागणाऱ्या बाईस कुणीतरी वडीलधारी सभासद विचारते, ‘कशापायी पायजे गं?’ या प्रश्नाच्या धाकाने उधळपट्टी थांबते, असे म्हणतात. मला धाकापेक्षा विलंब अधिक गुणकारी वाटतो, कारण पुढील बैठकीपर्यंत कित्येक इच्छा आपोआप निवतात. २०१६ पासून यूपीआयने इच्छा आणि खरेदी यांमधला नेमका तोच अवकाश जवळजवळ नाहीसा केला आहे. शिवाय धाकाला एक दुखरी बाजू आहे: राबून मिळविलेल्या पैशातून एखादीला मनाजोगे लुगडे घ्यावेसे वाटले, तर त्याची कैफियत तिने दहाजणींपुढे का मांडावी?

जिला ती मांडावयाची नाही, तिच्यासाठी पोस्टातील मुदत ठेव आहे. तेथे कारण कोणी पुसत नाही. मात्र एकदा भरलेली रक्कम पहिले सहा महिने परत मिळत नाही.