जागा राखीव, मत सगळ्यांचं

२०२४ साली आम्हा राळेगावकरांच्या बोटाला सात महिन्यांत दोनदा शाई लागली. २६ एप्रिलला लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. मतदार तेच, मतदान केंद्रही तेच. फरक एवढाच की यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघ खुला आहे आणि राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. एप्रिलमध्ये कोणत्याही समाजाचा माणूस उभा राहू शकत होता, नोव्हेंबरात फक्त आदिवासी उमेदवार.

मग दर विधानसभेला पानठेल्यावर ऐकू येणारं वाक्य याही वेळी ऐकू आलं: "आपल्या माणसाले तं इथं उभंच राहता येत नाही, मंग आपलं काय?" असं म्हणणारे कास्तकार असतात, व्यापारी असतात, माझ्या मोहल्ल्यातलेही असतात. गंमत अशी की इथून निवडून गेलेले वसंत पुरके शालेय शिक्षणमंत्री झाले, पुढं अशोक उईके आदिवासी विकासमंत्री झाले, तेव्हा हेच लोक बाहेरगावी "आमचा मंत्री" म्हणून सांगत होते.

मुळात राखीव काय असतं? उमेदवारी. मत राखीव नसतं. राज्यघटनेच्या ३३२व्या कलमानुसार विधानसभेत लोकसंख्येच्या प्रमाणात या जागा असतात. महाराष्ट्रात २८८ पैकी २५ अनुसूचित जमातींसाठी आणि २९ अनुसूचित जातींसाठी. आपल्या जिल्ह्यात सातपैकी राळेगाव व आर्णी जमातींसाठी, तर उमरखेड जातींसाठी. मतदार यादी मात्र एकच. ३२५वं कलम सांगतं की धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणाचं नाव यादीतून वगळता येणार नाही.

ही एकच यादी सहजासहजी आलेली नाही. १९०९च्या मोर्ले-मिंटो कायद्यानं मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आणले आणि १९१९ व १९३५च्या कायद्यांनी ते वाढवले. माझ्या आजोबांच्या पिढीत, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळात, मुसलमानांनी मुसलमानाला निवडायचं अशी सोय होती. उमेदवाराला शेजारच्या हिंदू मोहल्ल्यात जायची गरजच नव्हती, आणि हिंदू उमेदवाराला आमच्या दारात यायची नव्हती. दोघांनीही आपापल्या लोकांना जितकं भडकवावं तितकी मतं पक्की! घटना समितीत बेगम ऐजाज रसूल यांनी विभक्त मतदारसंघच नव्हे, तर मुसलमानांच्या राखीव जागाही नकोत अशी भूमिका घेतली, आणि १९४९च्या मे महिन्यात त्या जागा रद्द झाल्या. या निर्णयाची किंमत आम्ही मोजतो. २०२४ साली २८८ जणांच्या विधानसभेत दहा मुसलमान निवडून आले. तरीही मी बेगमसाहेबांच्याच बाजूचा आहे. ज्याला माझ्या मताची गरज नाही त्याला माझ्या गाऱ्हाण्याचीही गरज उरत नाही.

पण हाच मुद्दा उलट्या बाजूनं पाहिला की नाण्याची दुसरी बाजू दिसते, आणि ती जास्त अवघड आहे. १९३२च्या पुणे करारात अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिले. डॉ. आंबेडकरांचा पुढं कायम आक्षेप राहिला तो यावर. माणूस त्या समाजाचा, पण त्याला निवडणार इतर. मग तो ऐकेल कुणाचं?

हा प्रश्न राळेगावात रोज समोर असतो. प्रचारसभांत मी कापसाचा भाव, पीकविमा, शहरातले रस्ते, नळाचं पाणी याबद्दल भरपूर ऐकतो. मीही तेच विचारतो, कारण पऱ्हाटीच्या भावावर इथली सगळी बाजारपेठ चालते. पण जागा ज्यांच्या नावानं राखीव, त्यांचं काय? कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची पोडं गावापासून दूर, मतं थोडी. २००६च्या वनहक्क कायद्याखालचा जमिनीचा दावा, १९९६च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला दिलेला तेंदूपत्त्यासारख्या वनोपजावरचा हक्क, पोडावर शिकवायला येणारे गुरुजी, हे विषय व्यासपीठावर क्वचितच चढतात. उमेदवार आदिवासी असला तरी हिशेब मतांचाच करतो, आणि मतं सगळ्यांची असतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. टाळ्या कशाला पडतात हे त्याला कळतं.

म्हणून पानठेल्यावरच्या त्या मित्राला मी म्हणालो, "भाऊ, आपला माणूस उभा नाही हे खरं. पण उभा आहे त्याच्याकडून पोडाचं काम करून घेणं आपल्याच हातात आहे. आपण विचारलं तर त्याला ते टाळता येणार नाही." तो म्हणाला, "अन् आपल्या नालीचं कोण विचारते?" दोन्ही विचारता येतात, असं माझं मत. त्याचं अजून ठरायचं आहे.

राखीव जागांची मुदत घटनेत सुरुवातीला दहाच वर्षांची होती. ती दर दहा वर्षांनी वाढत आली असून १०४व्या घटनादुरुस्तीनं ती जानेवारी २०३०पर्यंत नेली आहे. पुढं मतदारसंघांची फेररचनाही व्हायची आहे, आणि कोणती जागा राखीव हे तेव्हाच्या जनगणनेवरून नव्यानं ठरेल. राळेगाव खुलं झालं तर कोण उभं राहील, याची नावं काही जणांनी आतापासूनच काढून ठेवली आहेत. त्या यादीत पोडावरचं नाव अजून तरी मी ऐकलेलं नाही.