तिळाला काटा फुटतो तेव्हा

संक्रांतीच्या हलव्याचा एक दाणा तळहातावर घ्या आणि भिंगातून बघा. वर्षानुवर्षं आपण तो मुठीने तोंडात टाकत आलो, त्यामुळे त्याच्याकडे नीट बघायचं राहूनच गेलेलं असतं. मधे एक तीळ, त्याच्याभोवती साखर आणि त्या साखरेला चहूबाजूंनी फुटलेले बारीक बारीक काटे. ते कुणी कोरलेले नाहीत, साच्यातून काढलेले नाहीत. परातीत तीळ, खाली मंद आच, वरून चमचा चमचा पाक आणि सतत फिरणारी बोटं, एवढ्यावर ते आपले आपण उगवतात. खरं तर साखरेचे लेपावर लेप चढवले की दाणा गुळगुळीत व्हायला हवा. जेवणानंतर खातो त्या बडीशेपेच्या रंगीत गोळ्या होतातच की तशा. मग तिळाला काटा कुठून फुटतो?

डिसेंबर-जानेवारीत मुलांना घेऊन घरी काय करावं, असा प्रश्न दरवर्षी पडतो आणि उत्तरादाखल बहुतेक वेळा कापसाचा स्नोमॅन येतो. पुण्या-नाशिकच्या मुलांनी कापसाचा बर्फ करायला माझी हरकत नाही. पण खऱ्या बर्फाची नक्षी ज्या युक्तीने तयार होते, जवळपास तीच युक्ती आपल्या स्वयंपाकघरात परातीत बघता येत असताना कापसावर का थांबायचं?

तर आधी हलवा करून बघू. वाटीभर साखरेत अर्धी वाटी पाणी घालून पाक करायला ठेवा. उकळी आली की चमचाभर दूध घाला, म्हणजे मळी वर येते. ती काढून पाक गाळून घ्या. पाक एकतारी हवा. घट्ट झाला तर तीळ एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होतात आणि पातळ राहिला तर आधी चढलेली साखरही विरघळून जाते. तीळ दोन-तीन चमचेच घ्या, निवडून, जरासे भाजून. पहिल्या दिवशी ते परातीत अगदीच केविलवाणे दिसतात, पण शेवटी दाणे कितीतरी पटीने फुगतात, म्हणून हावरटपणा नको. गॅसवर तवा, तव्यावर परात आणि आच इतकी मंद की बोटांना ऊब लागावी, चटका बसू नये. पाक आणि आच मोठ्यांच्या ताब्यात. मुलांच्या हातात परात द्यायची ती खाली उतरवून, कोमट झाल्यावर.

अर्धा चमचा पाक तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने गोल गोल फिरवत राहायचं. आधी तीळ ओले होऊन चमकतात, बोटांना चिकटतात. मग काही क्षणांत चमक जाते, पांढुरकी कळा येते आणि दाणे सुटे होऊन परातीत खळखळ वाजायला लागतात. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. घाई केली की गोळे होतात. आच वाढवली की पाक दाण्यावर न बसता परातीतच वाळतो आणि त्याची पिठी होते. ती अधूनमधून चाळून काढायची, पुढच्या पाकात घालता येते. एका बैठकीत हलवा होत नाही. रोज थोडा वेळ असं तीन-चार दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी दाणा टपोरा, पण गुळगुळीतच असतो आणि आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. चुकत नसतं. काटा उशिरा दिसतो.

रोज संध्याकाळी एक दाणा बाजूला काढून वहीत चिकटवून ठेवा आणि शेजारी मुलांना त्याचं मोठं चित्र काढू द्या. चौथ्या दिवशी ती पानं उलटून बघण्यात जी मजा आहे, ती तयार हलव्याची पिशवी आणून मिळत नाही.

आता काट्याचं गुपित. तिळावर बसलेला पहिला लेप आपल्याला सपाट वाटतो, पण तो सपाट नसतो. साखर तिथे बारीक बारीक स्फटिकांच्या रूपात बसलेली असते, एखादा कण किंचित वर, एखादा किंचित खाली. हा फरक डोळ्याला दिसणाराही नसतो. पुढचा पाक पडून दाणे एकमेकांवर आणि परातीवर घोळायला लागले की आधी टेकतात ते उंचवटे. पाक त्यांनाच आधी लागतो, ऊबही त्यांनाच आधी मिळते आणि त्यांच्यावरचं पाणी लवकर उडून जातं. खळग्यात ओल रेंगाळते, तिथे साखर सावकाश बसते. म्हणजे एका चमच्यानंतर उंचवटा केसभर उंच झाला. पुढच्या चमच्याला तो अजून आधी टेकणार, अजून पाक ओढणार. जो पुढे, त्यालाच पुढचा घास! असे कितीतरी चमचे झाले की मूळचा नगण्य फरक काटा होऊन उभा राहतो. बोटं जोरात घासली तर हे कोवळे काटे झिजतात, म्हणून जुन्या बायका हलव्याला 'हलका हात' मागतात.

थंडीही मागतात. हलवा पहाटे, गारठ्यात करायचा, म्हणजे काटा चांगला येतो, असं घरोघरी सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. हिवाळ्यात देशावरची हवा कोरडी असते, अशा हवेत दाण्यावरचं पाणी पटकन निघून जातं आणि प्रत्येक लेप नीट वाळतो. हवा दमट असली की साखर उलट हवेतलं पाणी ओढून घेते आणि काटा बसका होतो. मुंबईत किंवा कोकणात करत असाल तर ढगाळ दिवस टाळा आणि रात्री दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

काटा कुठून फुटतो, हाच प्रश्न जपानमध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाला पडला होता. तिथे कोनपेइतो नावाची मिठाई आहे. फोटो बघितला तर कुणीही मराठी माणूस म्हणेल, अरे, हा तर आपला हलवा, फक्त रंगीत! स्टुडिओ घिब्लीच्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटात काजळीचे इवलेसे जीव ज्या चांदण्यांवर तुटून पडतात, ते कोनपेइतोच. ही मिठाई जपानला पोर्तुगिजांबरोबर पोचली. 1569 मध्ये लुईस फ्रॉइस या पाद्र्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला ती काचेच्या बाटलीत घालून नजर केली होती. हा फ्रॉइस जपानला जाण्याआधी बरीच वर्षं गोव्यात होता. क्योतोमध्ये 1847 पासून कोनपेइतोच करणारं एक दुकान आजही चालू आहे. तिथे मोठ्या तिरक्या कढया सावकाश फिरत असतात, कारागीर पाक ओतत असतो आणि एक घाणा तयार व्हायला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. आपले चार दिवस म्हणजे चैनच म्हणायची.

ते भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे तोराहिको तेरादा, तोक्योच्या विद्यापीठातले प्राध्यापक. क्ष-किरण आणि स्फटिकांवर त्यांनी नावाजलेलं काम केलं होतं आणि ललित निबंधकार म्हणूनही त्यांचं मोठं नाव होतं. त्यांनी 1927 मध्ये कोनपेइतोच्या शिंगांवर लिहिलं. त्यांची अडचण अशी होती: गोल दाण्याला सगळ्या दिशा सारख्या. एका दिशेला झुकतं माप द्यायला काही कारणच नाही. सरासरीचा हिशेब मांडला तर गुळगुळीत चेंडूच यायला हवा. तरी शिंगं येतात, म्हणजे सरासरीतून जे निसटतं, ते किंचित इकडेतिकडे असणं, त्याच्याकडेच बघायला हवं. मिठाईवर भौतिकशास्त्र खर्ची घालणं तेव्हा अनेकांना विचित्र वाटलं असेल. आज अशा घडामोडींचा अभ्यास ही विज्ञानाची भरभराटीला आलेली शाखा आहे.

तेरादांचा एक विद्यार्थी होता उकिचिरो नाकाया. तो उत्तरेला होक्काइदोच्या विद्यापीठात गेला. तिथे महागडी उपकरणं नव्हती, बर्फ मात्र भरपूर. त्याने बर्फाच्या पाकळ्यांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि मग त्या प्रयोगशाळेत तयार करायचं मनावर घेतलं. खरी अडचण होती पाकळी टांगायची कशावर, ही. दोरे झाले, तारा झाल्या, सगळ्यांवर नुसता बर्फाचा सुरवंट व्हायचा. शेवटी सशाच्या केसावर जमलं. मार्च 1936 मध्ये माणसाने तयार केलेली पहिली हिमपाकळी एका केसाच्या टोकावर उमलली. तेरादा त्याच्या अडीच महिने आधी, 31 डिसेंबर 1935 ला गेले होते.

हिमपाकळीची फांदी फुटते ती काट्यासारखीच. षटकोनी कणाची टोकं हवेत जरा पुढे असतात, बाष्प त्यांना आधी मिळतं, ती वाढतात, म्हणून आणखी पुढे जातात, म्हणून आणखी मिळवतात. फरक एवढाच की बर्फात पाण्याचे रेणू सहा बाजूंच्या चौकटीत बसतात, त्यामुळे तिथे सहाच फांद्या. (कात्रीने कागदी हिमपाकळी कापताना घडी चुकून आठ टोकांची पाकळी होते, तशी आकाशातून कधीच पडत नाही.) नाकायांच्या प्रयोगांतून पुढे कोष्टकच तयार झालं. उणे 5 अंशांच्या आसपास सुया, उणे 15 च्या आसपास पिसाऱ्यासारख्या फांद्या. बाष्प मुबलक असलं आणि वाढ वेगाने झाली की फांद्या फुटतात, सावकाश झाली की साधी षटकोनी चकती.

हा वेगाचा मुद्दा घरात पडताळून बघायला दुसरी, आणखी सोपी करामत आहे: खडीसाखर. तीन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी, गरम करून साखर पूर्ण विरघळवा. एरवी 20 अंश तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात 200 ग्रॅमच्या आसपास साखर मावते, उकळत्या पाण्यात 480 ग्रॅमच्याही वर. म्हणजे पाक निवला की पाण्याला न पेलणारी साखर त्यात अडकलेली असते आणि बाहेर पडायला जागा शोधत असते. ती जागा म्हणजे आपला दोरा. सुती दोरा ओला करून साखरेत घोळवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि पाक निवल्यावर उभ्या काचेच्या ग्लासात पेन्सिलीला बांधून सोडायचा, तळाला टेकू न देता. वर पातळ फडकं. मग आठवडाभर ग्लासाला कुणी हात लावायचा नाही. मुलांसाठी हा भाग सगळ्यात अवघड.

आठ दिवसांनी दोऱ्यावर लखलखीत खडे चढलेले असतात, सपाट बाजूंचे, धारदार कडांचे. वाण्याच्या खडीसाखरेत मधे दोरा का निघतो, याचंही उत्तर मुलांना मिळून जातं. तांदळाएवढा खडा असो की सुपारीएवढा, शेजारच्या दोन बाजूंमधला कोन तोच. साखर तीच, पाणी तेच. पण इथे रेणूंना आपापली जागा शोधून बसायला उसंत मिळाली आणि परातीत ती मिळाली नाही. म्हणून खडा पारदर्शक आणि हलवा पांढराशुभ्र. हलव्यात कुठलाच पांढरा रंग नाही. असंख्य बारीक स्फटिकांच्या गर्दीत प्रकाश शिरतो आणि सगळ्या दिशांनी उधळला जातो. भुरभुरलेला बर्फ पांढरा दिसतो तोही याच कारणाने.

दोन्ही झालं की दागिने. हौशी घरांत बाळासाठी मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, बासरी, सुनेसाठी नथ आणि तन्मणी, सगळं हलव्याचं करतात. जुन्या पद्धतीत दाण्याला भोक पाडत नाहीत, पाडलं तर तो फुटेल. दाण्याभोवती दोऱ्याचा फास आवळतात आणि एकेक करत सर गुंफतात. इथे काटा कामाला येतो: दोरा काट्यांच्या मधे बसतो आणि घसरत नाही. गुळगुळीत गोळीचा हार असा बांधून बघा, म्हणजे कळेल. लहान बोटांना फास जमत नाही. त्यांना पुठ्ठ्याचा मुकुट कापून द्या, वर सोनेरी कागद, त्यावर डिंकाने दाणे चिकटवू द्या. मोठी मुलं असतील तर तिळाबरोबर थोडी खसखस, थोडा साबुदाणा असे तीन घाणे वेगळे करा आणि कुणाला काटा आधी फुटतो यावर पैज लावू द्या. लवंगेवरही हलवा चढतो आणि तो हारात पदकासारखा मधोमध शोभतो.

काळ्या झबल्यावर हे पांढरे दागिने जे उठून दिसतात, ते सोन्याला जमणार नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करता येतं, तेव्हा हलवा बिघडला तरी दुसरा घाणा काढायला सवड असते. फक्त बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले की जमलेली पोरं जमिनीवर झडप घालतात आणि मुकुटावरचे दाणे उपटायलाही कमी करत नाहीत. डिंक लावलेले दाणे खायचे नाहीत हे त्यांना आधीच बजावून ठेवा आणि खायच्या हलव्याची वाटी वेगळी, हाताला येईल अशी ठेवा.